मेकाँगचा महामासा आणि त्याची अडलेली वाट

बँकॉकच्या बुंग साम लान तळ्यावर पैसे भरून गळ टाकला, तर पन्नास-साठ किलोचा प्ला ब्युक गळाला लागणे ही फारशी नवलाची गोष्ट नाही. जगभरचे हौशी लोक त्यासाठीच तिथे येतात, माशासोबत फोटो काढतात आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडतात. थायलंडमधल्या कित्येक जलाशयांत हा मासा सोडलेला आहे, तळ्यांत वाढवलेला आहे. मात्र ज्या नदीचा तो मूळचा, त्या मेकाँगमध्ये एखादा सापडला की आंतरराष्ट्रीय बातमी होते. पाळीव स्थितीत भरपूर आणि निसर्गात जवळजवळ संपलेला, अशी एकाच जातीची ही दोन टोके आहेत. या माशावर चार दशके जे काम झाले त्याचा आढावा घेताना माझे मत असे बनले आहे की, उपाय बहुतांशी माशावर झाले आणि दुखणे त्याच्या वाटेत होते. पैदाशीचा प्रश्न कधीच सुटला आहे. प्रवासाचा प्रश्न मात्र दर दहा वर्षांनी अधिक अवघड होत गेला आहे.

पांगासियानोडॉन गिगास हे त्याचे शास्त्रीय नाव. फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञ पिएर शवे यांनी १९३१ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्यातल्या माशांपैकी एक शास्त्राच्या वहीत आला तो विसाव्या शतकात. नदीकाठच्या लोकांना तो अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. थाई आणि लाओ लोक त्याला प्ला ब्युक, पा ब्युक म्हणतात, तर कंबोडियात तो त्रेई रीच, म्हणजे राजमासा. अंगावर खवले नाहीत, रंग वरून राखाडी आणि पोटाकडे पांढरट, डोळे डोक्यावर इतके खाली की तोंडाच्या रेषेच्याही खालून पाहत असल्यासारखे वाटतात. मे २००५ मध्ये उत्तर थायलंडच्या चियांग राय प्रांतात, चियांग खोंगजवळच्या हात क्राय गावच्या मासेमारांनी धरलेला मासा २.७ मीटर लांब आणि २९३ किलो वजनाचा भरला. सतरा वर्षे गोड्या पाण्यातला सर्वांत वजनदार मासा म्हणून त्याची नोंद राहिली. जून २०२२ मध्ये कंबोडियाच्या स्तुंग त्रेंग प्रांतात ३०० किलोचा महाकाय पाकट सापडला तेव्हा तो विक्रम मोडला. विक्रम मोडणारा प्राणीही मेकाँगचाच होता. या नदीच्या पोटात काय दडले आहे याची कल्पना एवढ्यावरून यावी.

एवढ्या आकाराचा मासा शिकारी असेल असे कोणालाही वाटेल. आपल्याकडचा शिवडा किंवा मांगूर पाहिलेल्या माणसाला मिशीवाल्या माशांकडून तीच अपेक्षा असते. प्ला ब्युकचे तसे नाही. पिल्लांना दात असतात, मिशाही स्पष्ट असतात, ती पाण्यातले सूक्ष्म जीव खातात आणि प्रसंगी आपल्याच भावंडांवर तुटून पडतात. वाढत्या वयाबरोबर दात गळून जातात, मिशा आखूड होत जवळजवळ नाहीशा होतात आणि पूर्ण वाढलेला मासा प्रामुख्याने शेवाळावर जगतो. तरीही वाढीचा वेग थक्क करणारा आहे. पाळीव माशांनी सहा वर्षांत दीडशे किलोच्या पुढे मजल मारल्याच्या नोंदी आहेत. शेवाळावर जगून इतक्या झपाट्याने वाढणे शक्य व्हायचे तर पाण्यात तितका कस हवा. तो कस येतो पुरातून, गाळातून, काठावरच्या बुडालेल्या झाडोऱ्यातून. म्हणून या माशाची कहाणी नदीच्या पाण्याच्या चढउतारापासून वेगळी काढताच येत नाही.

तो चढउतार नीट समजून घ्यायला हवा. तिबेटच्या पठारावरून निघालेली मेकाँग सुमारे ४,३५० किलोमीटर वाहत चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम अशा सहा देशांतून समुद्राला मिळते. नॉम पेन्ह शहराजवळ तिला टोन्ले साप नावाची नदी मिळते. एरवी ती त्याच नावाच्या विस्तीर्ण सरोवराचे पाणी मेकाँगमध्ये आणून सोडते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की पाणी उलट दिशेने सरोवरात शिरू लागते. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटर असलेले सरोवर चांगल्या पावसाच्या वर्षी पंधरा हजारांपर्यंत पसरते आणि खोली मीटरभरावरून आठ-नऊ मीटरवर जाते. काठचे जंगल पाण्याखाली जाते आणि लक्षावधी पिल्ले त्या झाडाझुडपांत खाऊन-पिऊन मोठी होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी फिरले की मासेही बाहेर पडतात. त्या वाटेवर टोन्ले साप नदीत रांगेने ‘दाई’ नावाची मोठी जाळी लावलेली असतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरच्या डोल जाळ्यासारखीच त्यांची रीत आहे: जाळे जागच्या जागी रोवलेले आणि पाण्याची ओढ मासे आत आणून घालणारी. प्ला ब्युक कंबोडियात सापडतो तो बहुतेक याच जाळ्यांत, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान.

तिथून पुढे तो कुठे जातो? या प्रश्नाभोवतीच सारे संशोधन फिरते. बाहेर पडलेले मासे मेकाँगमधून वर, क्राचेह आणि स्तुंग त्रेंगच्या टापूकडे जात असावेत असे मानले जाते. तिथे नदीच्या पात्रात प्रचंड खोल डोह आहेत, काही सत्तर-ऐंशी मीटरपर्यंत. उन्हाळा डोहात काढायचा आणि पाणी चढू लागले की विणीला लागायचे, हा या नदीतल्या अनेक मोठ्या माशांचा क्रम आहे. दुसरीकडे, शेकडो किलोमीटर वर, चियांग खोंगच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत अंड्यांनी भरलेल्या माद्या सापडत आल्या आहेत. म्हणजे तिथल्या खडकाळ, खळाळत्या पात्रात विणीची जागा असणार. खालचे आणि वरचे मासे एकाच कळपाचे, की दोन स्वतंत्र वसाहती? आनुवंशिक तपासणीत दोहोंत ठळक फरक दिसलेला नाही. उलट सगळ्यांतच विविधता कमी आढळली, आणि हे मूठभर उरलेल्या जातीचे लक्षण आहे. मोकळ्या नदीत या माशाची वीण प्रत्यक्ष कोणी पाहिल्याची नोंद नाही. जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी थायलंडच्या फयाओ प्रांतातल्या मे प्युम जलाशयात माशांच्या अंगात ध्वनिसंदेशक बसवून त्यांचा मागोवा घेतला. तळाशी प्राणवायू कमी झाला की मासे वरच्या थरात राहतात हे त्यातून कळले. माहिती मोलाची आहे, पण ती बांधलेल्या पाण्यातली आहे. अशा अभ्यासांची मर्यादा इथेच दिसते. जो मासा हाताशी आहे त्याचे वागणे आपण शिकतो आणि ज्याला वाचवायचे आहे तो हाताशी नाही.

ऱ्हासाचा आलेख चियांग खोंगच्या नोंदींतून सर्वांत स्पष्ट दिसतो. हात क्रायचे मासेमार पिढ्यान्‌पिढ्या एप्रिलमध्ये, सोंगक्रानचा सण झाला की, नदीची आणि नौकांची पूजा करून, कोंबडीचा मान देऊन हंगाम सुरू करत. थाई आणि लाओ काठांवरच्या होड्या पाळीपाळीने मोठ्या आसाची जाळी प्रवाहात सोडत. १९९० मध्ये तिथे ६९ मासे मिळाले. तो कळस होता. दशकभरात संख्या इतकी घसरली की २००१ ते २००३ या तीन हंगामांत एकही मासा मिळाला नाही. आययूसीएनने २००३ मध्ये या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर साइट्स कराराने १९७५ पासूनच बंदी आहे. तरीही मासा घटत राहिला, कारण त्याचा खरा बाजार देशांतर्गत होता. मांसाला चांगला भाव होता, ते खाल्ल्याने आयुष्य वाढते अशी समजूत होती, आणि बँकॉकची उपाहारगृहे वाट पाहत असत.

जाळे हे ऱ्हासाचे एक कारण होते यात शंका नाही. पण सगळा दोष मासेमारांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. जून २००६ मध्ये थायलंडच्या राजांच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली, तेव्हा चियांग खोंगच्या मासेमारांनी प्ला ब्युक न धरण्याचे मान्य केले. ज्यांची गावची ओळख, पूजा आणि वर्षाची मोठी कमाई या माशाशी बांधलेली होती त्यांनी जाळी गुंडाळली. त्यानंतर मासा परतायला हवा होता. तो परतला नाही. इतकी मोठी कसोटी पार पडल्यावर तरी नजर दुसरीकडे वळायला हवी होती.

ती मात्र आधीपासूनच मत्स्यबीज केंद्रांकडे लागलेली होती, आणि तिथल्या कामगिरीचे श्रेय थाई मत्स्यविभागाला मनापासून द्यायला हवे. १९८३ मध्ये त्यांनी नदीतून धरलेल्या नर-मादीपासून कृत्रिम पैदास करून दाखवली. संप्रेरकाचे इंजेक्शन, अंडी आणि मिल्ट (नराचे वीर्य) काढून हाताने फलन, टाक्यांत पिल्लांची जोपासना: हे सारे शंभर-दोनशे किलोच्या जनावरावर करणे किती जिकिरीचे असेल ते मत्स्यबीज केंद्रात काम केलेला माणूसच जाणे. त्या पैदाशीतली पिल्ले तळ्यांत वाढून वयात यायला पुढे दीड-दोन दशके गेली, आणि २००१ मध्ये तळ्यात वाढलेल्या माशांपासूनही पुढची पिढी मिळाली. यामुळे नदीतल्या माशांवरचे अवलंबन संपले. जात पृथ्वीवरून नाहीशी होण्याचा धोका टळला. बोटुकली जलाशयांत आणि मेकाँगमध्येही सोडली गेली.

अडचण त्यापुढची आहे. ही सारी संतती थोड्याच आईबापांची. तळ्यातल्या जगण्याला जुळवून घेणारे मासे तळ्यात टिकतात, आणि पिढ्या उलटत गेल्या की नदीला लागणारे गुण मागे पडतात. त्यात संकरांची भर पडली. मेजो विद्यापीठाने प्ला ब्युक आणि त्याचा चुलतभाऊ पट्टेरी पंगास यांच्या संकरातून ‘ब्युक सियाम’ हा मासा तयार केला. खाण्याला तो उत्तम आहे. पण असे संकर पूर येऊन तळ्यांबाहेर पडले, तर नदीतल्या उरल्यासुरल्या शुद्ध वंशाचे काय होईल, ही चिंता अनाठायी नाही.

या वळणावर महाराष्ट्राचा एक अनुभव आठवणे आवश्यक वाटते, कारण तो याच प्रश्नाचा वस्तुपाठ आहे. लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून डेक्कन महसीरची पैदास सुरू झाली. हे काम भारतात पायाभूत मानले जाते आणि महसीर वाचवण्याच्या कळकळीतूनच ते उभे राहिले. त्या केंद्रातली बोटुकली देशभर पाठवली गेली, त्यांत कावेरीही होती. तिथे हा निळ्या परांचा महसीर इतका फोफावला की कावेरीचा स्वतःचा वाशिंडवाला महसीर मागे पडत गेला. गंमत म्हणजे त्या माशाची शास्त्रीय ओळखच २०१८ मध्ये नक्की झाली, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त ठरला. हेतू चांगला, तंत्र पक्के, बोटुकली सुदृढ, आणि तरीही एका नदीचे नुकसान. मासे सोडणे म्हणजे नदी सावरणे नव्हे, हे आपण सह्याद्रीत आणि कावेरीत किंमत मोजून शिकलो आहोत. मेकाँगच्या काठी बोटुकली सोडण्याचे समारंभ होतात तेव्हा हा अनुभव कोणीतरी तिथे सांगायला हवा.

आता वाटेकडे वळू. चीनने मेकाँगच्या वरच्या भागावर, म्हणजे लानत्सांगवर, १९९०च्या दशकापासून एकामागून एक धरणे बांधली. आज ती दहाहून अधिक आहेत, आणि त्यांत शाओवान व नुओझादू ही दोन अजस्र साठवणीची. त्यांच्यामुळे पावसाळ्यातला प्रवाह कमी आणि उन्हाळ्यातला जास्त, असा नदीचा ठेका सपाट होत चालला आहे. वीजनिर्मितीला ते सोयीचे आहे. पण ज्या माशाला पाणी चढले म्हणजे विणीला निघायचे हे कळते, त्याला ती खूणच पुसट होते. २०१९ मध्ये अवर्षण आणि धरणे यांची गाठ पडली. टोन्ले सापचा उलटा प्रवाह उशिरा आला आणि लवकर आटोपला. पुढच्या वर्षीही तेच झाले. २०१९च्या अखेरीस थायलंडच्या नाखोन फनोमजवळ एरवी गढूळ, तपकिरी असणारी मेकाँग निळी-नितळ दिसू लागली. पर्यटकांनी फोटो काढले. मासेमारांना मात्र त्याचा अर्थ कळला, कारण गाळ नाही म्हणजे पोषण नाही. मेकाँग नदी आयोगाच्या आकडेवारीनुसार १९९२ मध्ये खाली वाहून येणारा गाळ वर्षाला सुमारे १६ कोटी टन होता, २०१४ पर्यंत तो साडेसात कोटी टनांवर आला होता.

खालच्या मुख्य प्रवाहावरचे पहिले मोठे धरण लाओसमधले सायाबुरी. ते ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाले, आणि पाठोपाठ २०२० च्या आरंभी डॉन साहोंग धरण. सायाबुरीत माशांसाठी मार्ग आहेत, पायऱ्या आहेत, त्यावर मोठा खर्चही झाला आहे. तो खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही. पण मासेजिन्याची कल्पना मुळात थंड प्रदेशातल्या सामनसारख्या माशांसाठी विकसित झाली. प्रशांत महासागरातला सामन एकदा वर चढतो, अंडी घालतो आणि मरतो. प्ला ब्युकला वर जाऊन परत खालीही यायचे असते, तेही अनेक वर्षे. शिवाय खरी अडचण मोठ्या माशाची नाहीच, ती पिल्लांची आहे. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले प्रवाहाबरोबर तरंगत शेकडो किलोमीटर खाली, पूरमैदानांकडे वाहत जातात. त्यांना पोहण्याचे बळ नसते, वाहते पाणी हेच त्यांचे वाहन. धरणामागचे कित्येक किलोमीटर लांबीचे संथ पाणी आले की ती तिथेच तळाला बसतात. जिना कितीही उत्तम बांधा, तो त्यांच्या उपयोगाचा नाही. या माशावरच्या चर्चेत ही गोष्ट वारंवार हरवते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची कळ हीच आहे.

नदीची वाट मोकळी ठेवण्यासाठी लोकांनी लढून मिळवलेला एक विजय मात्र आवर्जून सांगायला हवा. मालवाहू जहाजांसाठी चियांग खोंग परिसरातले पात्रातले खडक आणि खळाळ सुरुंगाने उडवण्याची योजना होती. त्यांत खोन पी लुआंगचे खडक होते. अशाच खडकाळ, वेगवान पाण्यात प्ला ब्युक विणीला येत असावा. ‘राक चियांग खोंग’ या स्थानिक गटाने जवळजवळ दोन दशके विरोध केला. गावकऱ्यांनी स्वतः आपल्या नदीतल्या माशांची, डोहांची, खडकांची माहिती गोळा केली आणि तीच पुढे केली. फेब्रुवारी २०२० मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने ती योजना रद्द केली. या गटाचे नेते, पूर्वीचे शिक्षक निवत रॉयकाओ यांना २०२२ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. प्ला ब्युकसाठी झालेल्या साऱ्या कामात मी याला सर्वांत वर ठेवेन, कारण माशाची जागा राखली गेली ती इथे.

कंबोडियाची वाट थोडी वेगळी आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ झेब होगन यांनी २००० सालापासून दाईवाल्या मासेमारांशी संधान बांधले. महाकाय मासा जाळ्यात आला की त्यांनी कळवायचे, त्याचे मोल घ्यायचे, आणि मासा मापून, खूण लावून सोडायचा. २०१२ मध्ये टोन्ले सापमधले मोठ्या कंत्राटदारांचे मासेमारीचे मक्ते सरकारने रद्द केले, २०२० मध्ये मुख्य प्रवाहावरची धरणे दहा वर्षे न बांधण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये पाच दिवसांत सहा प्ला ब्युक दाई जाळ्यांत आले आणि सहाही खूण लावून सोडले गेले. त्यांतला सर्वांत मोठा दोन मीटर लांब आणि १३१ किलोचा होता. ही बातमी वाचून मला अतिशय आनंद झाला. पण सहा मोठे मासे दिसणे आणि जात सावरणे यांत अंतर आहे. सावरणारी जात लहान मासे दाखवते, सर्व वयांचे मासे दाखवते. तसा पुरावा मिळेपर्यंत आशेला आधार आहे एवढेच म्हणता येईल.

मराठी वाचकाचा या नदीशी एक रोजचा संबंध आहे, तोही सांगतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ‘बासा’ म्हणून जी पांढरी, बिनकाट्याची फिले मिळते ती बहुधा पट्टेरी पंगासाची असते, आणि पांगासियानोडॉन कुळीत प्ला ब्युकसोबत असलेली ही एकमेव दुसरी जात आहे. व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुजप्रदेशात तिचे उत्पादन वर्षाला दहा लाख टनांहून अधिक होते. आपल्याकडे धरणांच्या पाण्यात पिंजरे बांधूनही पंगास वाढवतात. पूर्वी या व्यवसायासाठी नदीतूनच पिल्ले धरत. १९९०च्या दशकाअखेर कृत्रिम पैदास जमली आणि नदीवरचा तो भार हलका झाला. तरीसुद्धा मोकळ्या मेकाँगमधला पट्टेरी पंगास आज संकटग्रस्त यादीत आहे. जगातल्या सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या माशांपैकी एकाची ही गत असेल, तर तळ्यांत माशांची रेलचेल झाल्याने नदीतले मासे वाचतात हा समज सोडून द्यायला आणखी पुरावा लागू नये.

पुढचा निर्णय पाक बेंगचा आहे. चियांग खोंगच्या खालच्या अंगाला, लाओसमध्ये, मुख्य प्रवाहावर हे धरण व्हायचे आहे. थायलंडच्या वीज प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या वीजखरेदीचा करार केला. लुआंग प्रबांगचे धरणही आकार घेत आहे. पाक बेंग उभे राहिले तर त्याचा फुगवटा थायलंडच्या सरहद्दीपर्यंत येईल, अशी भीती चियांग राय प्रांतातल्या काठावरच्या गावांना आहे. मग सुरुंगांपासून वाचवलेल्या खडकांवरून उतरणारी पिल्ले खाली जाऊन संथ पाण्यात अडकतील. वीज विकत घेणारा थायलंड आहे, प्ला ब्युकच्या पैदाशीसाठी चाळीस वर्षे झटणाराही थायलंडच आहे. मत्स्यविभागाने आपल्या साऱ्या अनुभवानिशी या करारावर बोलायला हवे, आणि ते बांधकामाला वेग येण्याआधी.